अवधान, व्यवधान आणि समाधान : पडद्यावर जाणाऱ्या वेळेचा प्रश्न आणि मराठी विचारपरंपरा

१. प्रश्नाचे स्वरूप

सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे सुमारे तीन हजार वस्तीचे गाव आहे. २०२२ च्या ऑगस्टमध्ये, स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी झालेल्या बैठकीत, या गावाने एक निर्णय घेतला. सायंकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजावा आणि तो वाजताच घरोघरी दूरचित्रवाणीचे संच व मोबाईल बंद व्हावेत. साडेआठला भोंगा पुन्हा वाजेपर्यंतचा दीड तास मुलांनी अभ्यासात, मोठ्यांनी वाचनात वा परस्परांशी बोलण्यात घालवावा, असे ठरले. मार्च २०२० नंतर महासाथीमुळे शाळा बंद झाल्या, वर्ग मोबाईलच्या पडद्यावर भरू लागले आणि शाळा पुन्हा उघडल्या तरी मुलांच्या हातातला पडदा सुटेना, ही या निर्णयामागील अडचण होती. आरंभी गावातील पुरुषांनी ही कल्पना हसण्यावारी नेली. स्त्रियांनी मात्र मालिकांपायी आपलाही वेळ जातो हे मान्य केले आणि त्यांच्या संमतीने विचार पुढे सरकला, असे तेव्हाच्या वृत्तांतून दिसते.

या घटनेची दखल देशात व देशाबाहेरही घेतली गेली. बहुतेक ठिकाणी ती एका नव्या व्यसनावरील नवा उपाय म्हणून मांडली गेली. वस्तुतः व्यसनाचे साधन नवे असले तरी मूळ प्रश्न नवा नाही. मन एका ठिकाणी ठेवावे कसे, ते ठेवण्याच्या आड काय येते आणि ते राहिले म्हणजे माणसाच्या हाती नेमके काय लागते, हे तीन प्रश्न भारतीय वाङ्मयाने, आणि त्यातही मराठी संतवाङ्मयाने, सातत्याने हाताळले आहेत. पडद्यावरचा वेळ कमी केला म्हणजे अधिक काम होते, हे आजचे सर्वमान्य विधान या विचाराच्या कसोटीवर कितपत टिकते, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. शब्दांची साक्ष

प्रथम संज्ञांचा विचार करणे इष्ट ठरेल. ‘अवधान’ हा शब्द ‘धा’ म्हणजे ठेवणे या धातूला ‘अव’ हा उपसर्ग लागून झाला आहे. मन एखाद्या विषयावर नेऊन ठेवणे, हा त्याचा मूलार्थ होय. याच शब्दाला आणखी ‘वि’ हा उपसर्ग लागला की ‘व्यवधान’ होते. संस्कृतात व्यवधान म्हणजे दोन वस्तूंच्या मध्ये येऊन त्यांना अलग करणारी गोष्ट. आवरण, आडोसा, पडदा. मराठीत हा अर्थ पुढे सरकून व्यवधान म्हणजे चित्त एका ठिकाणी न राहू देणारा व्याप, मागे लागलेली विवंचना, असा रूढ झाला. तेव्हा आज ज्या वस्तूला मराठी माणूस पडदा म्हणतो आणि ती वस्तू ज्या दोषाला कारण होते असे समजतो, त्या दोहोंसाठी एकच जुना शब्द भाषेत आधीपासून होता, हे लक्षणीय आहे. दोन्ही शब्दांचा धातू एकच असल्यामुळे आणखी एक गोष्ट ध्यानात येते. व्यवधान ही अवधानाच्या बाहेरची, परकी शक्ती नव्हे. ठेवण्याची क्रिया तीच, फक्त ठेवण्याच्या आणि ठेवणाऱ्याच्या मध्ये काहीतरी शिरलेले असते.

‘अभ्यास’ या शब्दाचा प्रवासही बोधप्रद आहे. पुनःपुन्हा करणे हा त्याचा मूळ आशय. बंगालीत तो शब्द सवय या अर्थी स्थिरावला. हिंदीत तो सराव या अर्थी मुख्यतः वापरला जातो. मराठीत व गुजरातीत विद्यार्थ्याच्या अध्ययनाला अभ्यास म्हणतात. सवय, सराव आणि अध्ययन या तीन गोष्टी भारतीय भाषांनी एकाच शब्दाच्या पोटी सांभाळल्या आहेत. मोबाईलकडे क्षणोक्षणी वळणारा हात हीही एक सवयच, म्हणजे बंगाली अर्थाने अभ्यासच होय. वडगावच्या भोंग्याने त्या अभ्यासाच्या जागी मराठी अर्थाचा अभ्यास आणू पाहिला. एका अभ्यासाची जागा दुसऱ्या अभ्यासानेच भरून निघू शकते, रिकामी राहू शकत नाही. ज्ञानेश्वरांचे विवेचन नेमके याच मुद्द्यापाशी येते.

३. ज्ञानेश्वरी : मनाची एक चांगली खोड

शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० च्या सुमारास, सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीचा नववा अध्याय श्रोत्यांकडे अवधानाची मागणी करून सुरू होतो. एकाग्र अवधान दिल्यास सर्व सुखाला पात्र व्हाल, असे आश्वासन वक्ता देतो आणि लगेच, जाणत्यांच्या सभेत आपण असे बोलणे म्हणजे लेकराने आईबापांशी लाडिकपणे बोलणे आहे, अशी नम्रतेची पुस्ती जोडतो. येथे अवधान ही श्रोत्याने वक्त्याला द्यावयाची वस्तू आहे. ती मागून घ्यावी लागते, हिसकावून घेता येत नाही. पुढच्या काळातील ज्या तंत्रांनी अवधान न मागता ओढून घेण्याची शक्ती मिळविली, त्यांच्याशी तुलना केली म्हणजे या मागणीतील सभ्यता उठून दिसते.

सहाव्या अध्यायात मनाच्या चंचलतेचा प्रश्न प्रत्यक्ष उपस्थित होतो. मन आवरणे वाऱ्याला आवरण्याइतके कठीण आहे, ही अर्जुनाची तक्रार आणि अभ्यास व वैराग्य यांनी ते साधते, हे श्रीकृष्णाचे उत्तर, हा गीतेतील भाग सर्वपरिचित आहे. त्यावर भाष्य करताना ज्ञानेश्वर मनाला केवळ दोष देत नाहीत. या मनाची एक गोष्ट चांगली आहे, असे ते म्हणतात. ज्या ठिकाणी त्याला गोडी सापडते त्या ठिकाणाला ते सोकते. म्हणून त्याला कौतुकाने आत्मानुभवाचे सुख दाखवीत राहावे, असा त्यांचा उपदेश आहे.

येथील ‘सोकणे’ हे क्रियापद विशेष लक्ष देण्यासारखे आहे. आजच्या मराठीत ‘सोकावणे’ हे रूप बहुधा निंदेच्या अर्थाने येते. म्हातारी मेल्याचे दुःख नाही, पण काळ सोकावतो, ही म्हण सर्वांच्या तोंडी आहे. दाराशी एकदा तुकडा मिळालेले जनावर पुन्हा पुन्हा येते, ते सोकावलेले असते. ज्ञानेश्वरांनी हीच प्रवृत्ती साधनेचे भांडवल मानली. पडद्याला मन सोकावते याचे कारण पडद्यावर गोडी असते, हे मान्य केल्यावाचून त्यावरचा उपाय शोधणे व्यर्थ आहे. ज्याला दुसरीकडे गोडीच लागलेली नाही त्याच्या हातातून मोबाईल काढून घेतल्याने त्याचे काम वाढत नाही. त्याचा केवळ कंटाळा वाढतो.

बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांच्या ‘मन’ या कवितेत हाच अनुभव शेतकऱ्याच्या अंगणातून आला आहे. मन म्हणजे उभ्या पिकात शिरणारे मोकाट गुरू. कितीही हाकलले तरी ते फिरून पिकाकडेच येते. ज्ञानेश्वर आणि बहिणाबाई यांच्यामध्ये साडेसहाशे वर्षांचे अंतर आहे आणि दोघांची भूमिकाही निराळी आहे. परंतु निव्वळ हाकलण्याने मन स्थिर होत नाही, हे निरीक्षण दोघांत समान आहे.

४. दासबोध : श्रोत्याची अवलक्षणे आणि दिवसाचा हिशेब

अवधानाचा सर्वांत व्यावहारिक विचार मराठीत रामदासांनी केला. ‘मनाचे श्लोक’ या २०५ श्लोकांच्या रचनेत मनालाच संबोधून उपदेश आहे. परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने दासबोधातील तीन समास अधिक महत्त्वाचे आहेत.

अकराव्या दशकाच्या तिसऱ्या समासात दिवसाची आखणी आहे. पहाटे उठून काही पाठांतर, मग नित्यकर्मे, मग प्रपंचाचा उद्योग, भोजनानंतर थोडे वाचन व चर्चा, एकांतात ग्रंथांचे मनन, असा क्रम तेथे दिला आहे. एकही क्षण रिकामा जाऊ न देणे हे भाग्यवंताचे लक्षण आहे, असे रामदास सांगतात. हे वचन आजच्या कार्यक्षमतेच्या भाषेला जवळचे वाटते. परंतु संदर्भ पाहता त्याचा अर्थ वेगळा आहे. रामदासांच्या दिवसात उद्योग आहे, तसे मननही आहे आणि मननासाठी राखलेला एकांत हा त्यांच्या लेखी रिकामा वेळ नव्हे. उलट, रांगेत उभे असताना, जेवताना, दोन कामांच्या मध्ये, प्रत्येक रिकाम्या क्षणी पडद्याकडे पाहणारा आजचा माणूस एकही क्षण रिकामा जाऊ देत नाही, असे शब्दशः म्हणता येईल. क्षण भरणे आणि क्षण सार्थकी लावणे यांत भेद न केल्यास रामदासांचे वचन त्यांच्याच आशयाविरुद्ध वापरले जाण्याचा धोका आहे.

अठराव्या दशकाच्या दहाव्या समासाचे नाव ‘श्रोता अवलक्षण’ असे आहे. श्रवणाला बसलेल्यांचे अंग कसे मोडून येते, जांभया कशा येतात, झोप कशी गाठते, याचे वर्णन त्यात काहीशा विनोदाने केलेले आढळते. पण त्यातील एक निरीक्षण विनोदापलीकडचे आहे. श्रोता मन सिद्ध करून बसला तरी ते मन ऐकत नाही; पूर्वी जे ऐकले होते तेच धरून ते बसलेले असते, असे रामदास सांगतात. २००९ साली सोफी लेरॉय या संशोधिकेने, एक काम अपुरे टाकून दुसऱ्याकडे वळणाऱ्या माणसाच्या अवधानाचा काही अंश मागील कामातच अडकून राहतो आणि पुढचे काम त्यामुळे खालावते, असा निष्कर्ष प्रयोगांच्या आधारे मांडला. त्या अडकलेल्या अंशाला तिने अवधानाचा अवशेष असे नाव दिले. सतराव्या शतकातील कीर्तनसभेतले निरीक्षण आणि एकविसाव्या शतकातला प्रयोग यांची सांगड घालून रामदासांना आधुनिक ठरविण्याचे कारण नाही. दोहोंतून निघणारा व्यावहारिक अर्थ मात्र एकच आहे. पडद्याकडे टाकलेल्या दृष्टिक्षेपाला जेवढा वेळ लागतो तेवढाच वेळ वाया जातो, हा हिशेब चुकीचा आहे. दृष्टी परत आली तरी मन मागेच राहते आणि ते परत येईपर्यंतचा काळही त्याच खात्यात मांडावा लागतो.

तिसरा समास एकोणिसाव्या दशकाचा पहिला, ‘लेखनक्रिया’ हा होय. अक्षर सुवाच्य व एकसारखे कसे असावे, ओळी सरळ कशा याव्यात, पोथीच्या आरंभापासून शेवटापर्यंत लेखणी व वळण यांत फरक का पडू नये, याचे मार्गदर्शन त्यात आहे. हा समास सहसा लेखनकलेचा म्हणून वाचला जातो. परंतु शेकडो पानांची पोथी एका वळणाने लिहिणे हे बोटांचे कौशल्य आहे तितकेच दीर्घकाळ टिकवलेल्या अवधानाचेही आहे. लिहिणाऱ्याचे लक्ष कोठे ढळले हे पोथीतील गाळलेल्या शब्दांवरून आणि दोनदा लिहिलेल्या ओळींवरून संशोधकाला आजही ओळखता येते. पाठचिकित्सा करणाऱ्या अभ्यासकांच्या दृष्टीने व्यवधान ही केवळ नैतिक कल्पना नाही. तिचा कागदावर पुरावा उरतो.

५. विघ्ने आणि अवधानी : दोन तुलना

मराठीबाहेरील दोन परंपरा येथे विचारात घेणे आवश्यक आहे. पहिली संस्कृत काव्यशास्त्राची. अभिनवगुप्ताने रसप्रतीतीचे वर्णन विघ्नरहित प्रतीती असे केले आणि रसास्वादाच्या आड येणारी सात विघ्ने सांगितली. त्यांपैकी ‘निजसुखादिविवशीभाव’ म्हणजे प्रेक्षकाने आपल्याच सुखदुःखात गुंतून पडणे, हे विघ्न येथे उपयुक्त आहे. घरच्या चिंतेसह नाट्यगृहात आलेल्या माणसाचे काय करावे? त्याला बाहेर घालवा, असे अभिनवगुप्त म्हणत नाही. गीत, वाद्य, रंगमंडपाची शोभा यांच्या योगे त्याचे चित्त हळूहळू स्वतःपासून सोडवून प्रयोगाकडे आणावे, असा त्याचा आशय आहे. ज्ञानेश्वरांनी सांगितलेली गोडी आणि ही योजना यांच्यात आंतरिक नाते आहे. मात्र आजच्या पडद्याने या सिद्धान्तापुढे नवी अडचण उभी केली आहे. त्यावर येणारी प्रत्येक सूचना पाहणाऱ्याच्या निजसुखाला व निजदुःखालाच हाक मारते: आपल्याविषयी कोण काय बोलले, आपल्याला कोणाचे काय आले. जे विघ्न प्रेक्षक घरून घेऊन येत असे ते आता खिशात बसून अखंड कार्यरत असते.

दुसरी तुलना तेलुगू आणि कन्नड प्रदेशांतील अवधानविद्येशी. अष्टावधानात अवधानी कवीभोवती आठ पृच्छक बसतात. कोणी समस्या देतो, कोणी विशिष्ट अक्षरांचा निषेध करतो, कोणी ठराविक शब्द गुंफून पद्य मागतो. मधूनच घंटा वाजते आणि तिचे ठोके शेवटी अचूक सांगावे लागतात. यातील एका पृच्छकाचे कामच अप्रस्तुत प्रसंग उपस्थित करून कवीचे लक्ष विचलित करणे हे असते. अखेरीस अवधानी सर्व पद्ये धारणेतून पुन्हा म्हणून दाखवितो. तिरुपती वेंकट कवुलु या नावाने प्रसिद्ध असलेल्या कविद्वयाने आधुनिक काळात या विद्येला तेलुगूत मोठी लोकप्रियता मिळवून दिली. गुजरातीत श्रीमद् राजचंद्र शतावधानी म्हणून ख्यातनाम होते आणि गांधींनी आपल्या आत्मकथेत त्यांच्या या शक्तीचा उल्लेख केला आहे.

एकाच वेळी अनेक कामे करण्याच्या समर्थनार्थ या परंपरेचा दाखला दिला जाण्याची शक्यता असते. तो दाखला योग्य नाही. अष्टावधानात पृच्छकांची संख्या ठरलेली असते, प्रत्येकाची पाळी ठरलेली असते, विचलित करणारा पृच्छकही सभेच्या मर्यादेत राहून बोलतो आणि सभेला शेवट असतो. पडद्यावरील पृच्छकांना संख्या नाही, पाळी नाही, मर्यादा नाही. शिवाय अवधानी हा वर्षानुवर्षांच्या अभ्यासाने घडलेला विरळा पुरुष; मोबाईलने ज्याच्या त्याच्या हाती अवधान्याचे आसन दिले, अभ्यास मात्र कोणालाच दिला नाही.

६. समाप्तीचा अभाव

‘पडदा’ हा फारसीतून मराठीत आलेला शब्द. मराठी रंगभूमीने त्याला आपलासा केला. योगायोगाची गोष्ट अशी की, ज्या सांगलीत विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ सादर केले, त्याच सांगलीच्या आजच्या जिल्ह्यात वडगाव मोडते. नाटकाचा पडदा वर जातो, तसा खालीही येतो. तो खाली आला की प्रेक्षक उठतो. कीर्तन आरतीने संपते. पोथी फलश्रुतीने संपते. सप्ताहाची सांगता काल्याने होते. कुडाळजवळच्या पिंगुळी गावातील चित्रकथी कथेची चित्रे एकामागून एक दाखवीत निवेदन करीत. चित्र निवेदकाच्या बोलण्याची वाट पाहत थांबे आणि पोथी संपली की कथा संपे. परंपरागत कलाप्रकारांत समाप्ती ही रचनेचा भाग आहे. केव्हा उठावे याचा निर्णय प्रेक्षकाच्या निग्रहावर सोडलेला नसतो. तो रचनेनेच घेतलेला असतो.

दूरचित्रवाणीच्या आरंभीच्या काळातही असा शेवट होता. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले तेव्हा एकच वाहिनी होती, प्रक्षेपण मोजक्या तासांचे होते आणि ते संपले की संच आपोआप निरुपयोगी होई. १९९० नंतरच्या दशकात उपग्रह वाहिन्यांनी रात्रीचा शेवट काढून घेतला. मोबाईलवरच्या अखंड सरकणाऱ्या चित्रमालिकांनी तर तळ हा भागच ठेवला नाही. बोटाने कितीही खाली सरकवले तरी पुढे काहीतरी असतेच. ज्या काळाला शेवट नाही त्याचा त्याग करण्यासाठी माणसाला दर क्षणी नव्याने निश्चय करावा लागतो, आणि दर क्षणी निश्चय करणे कोणत्याही साधकालाही जड जाणारे आहे. माहितीची समृद्धी अवधानाचे दारिद्र्य निर्माण करते, हे अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट सायमन यांनी १९७१ मध्येच दाखवून दिले होते. त्याला आज एवढी जोड द्यावी लागेल की, त्या दारिद्र्याचे एक कारण समृद्धी हे असले तरी दुसरे कारण समाप्तीचा लोप हे आहे.

७. भोंगा आणि परवचा

या पार्श्वभूमीवर वडगावच्या प्रयोगाकडे पुन्हा वळता येईल. त्याचे तीन विशेष दिसतात.

पहिला, वेळेची निवड. सायंकाळचे सात म्हणजे दिवेलागणीनंतरची वेळ. देवाजवळ दिवा लावल्यावर मुलांनी स्तोत्रे व पाढे मोठ्याने म्हणावयाचे, याला मराठीत परवचा म्हणतात. तिन्हीसांजेचा हा समय मराठी घरांत दीर्घकाळ पाठांतराचा होता. पुढे तो दूरचित्रवाणीचा झाला. भोंग्याने निवडलेला दीड तास हा कोठूनतरी काढलेला रिकामा वेळ नव्हता. तो मुळात अध्ययनाचाच असलेला आणि मधल्या काळात हातून गेलेला वेळ होता.

दुसरा विशेष असा की, हा नियम केवळ मुलांसाठी नव्हता. त्याच वर्षी, नोव्हेंबर २०२२ मध्ये, यवतमाळ जिल्ह्यातील बान्सी या गावच्या ग्रामपंचायतीने अठरा वर्षांखालील मुलांच्या मोबाईल वापरावर बंदी घालणारा ठराव केला आणि उल्लंघनाबद्दल दोनशे रुपये दंडाची तरतूद केली. दोन्ही गावांची चिंता एकच असली तरी त्यांचे मार्ग भिन्न आहेत. बान्सीने वयाची रेषा आखली, वडगावने वेळेची. वयाच्या रेषेत मोठी माणसे नियमाबाहेर राहतात आणि मुलांना निषेधाचा अर्थ मिळतो, उदाहरण मिळत नाही. वेळेच्या रेषेत आजीपासून नातवापर्यंत सर्व एकाच बाजूला येतात. यांतील कोणता मार्ग अधिक टिकाऊ याचा निवाडा दीर्घ निरीक्षणावाचून करणे उचित नाही. संतवाङ्मयातील श्रवणाची कल्पना मात्र निःसंशय दुसऱ्या मार्गाच्या जवळची आहे. श्रवण सभेत होते. तेथे एकाचे अवधान दुसऱ्याच्या अवधानाला आधार देते.

तिसरा विशेष भोंग्याच्या दुसऱ्या आवाजाचा. भोंगा साडेआठला पुन्हा वाजे. म्हणजे संयमालाही समाप्ती होती. जन्मभराचा त्याग मागितलेला नव्हता. दीड तास मागितला होता. पडद्याने जो शेवट नाहीसा केला तो गावाने बाहेरून परत आणला. व्यक्तीच्या निग्रहावर पडणारा भार रचनेने उचलला.

एकट्या व्यक्तीलाही यातून काही घेता येते. हाती घेतलेले काम पुरे होईपर्यंत मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवणे, संदेश पाहण्यासाठी दिवसातल्या दोनतीन वेळा ठरविणे, सूचनांचे ध्वनी बंद ठेवणे, या उपायांत निग्रहाचा भाग थोडा आणि रचनेचा भाग मोठा आहे. मोबाईल नुसता जवळ असला तरी विचारशक्ती उणावते, असा निष्कर्ष २०१७ मधील एका अमेरिकी अभ्यासाने काढला होता. पुढील काही पडताळण्यांत तो सर्वत्र तसाच आढळला नाही. तथापि दूर ठेवलेली वस्तू उचलण्यास उठावे लागते आणि उठताना विचाराला एक क्षण मिळतो, एवढे सांगण्यास प्रयोगाची गरज नाही.

८. मर्यादा आणि उपसंहार

या विवेचनाला दोन मर्यादा घालणे आवश्यक आहे. एक म्हणजे पडदा आणि व्यवधान हे समानार्थी नव्हेत. मराठी विश्वकोश आज पडद्यावर वाचता येतो. दूरच्या ग्रंथालयातील दुर्मिळ ग्रंथ अभ्यासकाला त्याच्या टेबलावर दिसतो. महाराष्ट्रापासून दूर, जेथे मराठी ग्रंथालय नाही अशा गावी राहणाऱ्या वाचकाला भाषेशी जोडणारा धागा अनेकदा हाच असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात एक वर्षाखालील अर्भकांना पडद्यापासून दूर ठेवावे आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी बसून पडदा पाहण्याची मर्यादा दिवसाला एक तासाहून अधिक असू नये, असे म्हटले आहे. बालवयासाठी अशी तासांची मोजणी योग्यच आहे. प्रौढ अभ्यासकाच्या बाबतीत मात्र किती तास यापेक्षा पडदा अवधानाचा विषय झाला आहे की त्याच्या आड आला आहे, हा प्रश्न अधिक निर्णायक ठरतो.

दुसरी मर्यादा ‘अधिक काम’ या ध्येयाची. वाचलेला वेळ आणखी कामाने भरावा आणि त्या कामाने आणखी वेळ वाचवावा, या चक्रालाही पडद्याप्रमाणेच तळ नाही. सातारा जिल्ह्यातील भिलार हे २०१७ साली पुस्तकांचे गाव म्हणून उभे राहिले. तेथे घराघरांत पुस्तके ठेवली गेली ती वाचकाची कार्यक्षमता वाढावी म्हणून नव्हे. मनाला सोकण्याजोगी गोडी जवळ असावी म्हणून. वडगावच्या दीड तासातही मुलांचे गुण किती वाढले, याची गणना करता येईल. परंतु त्या वेळात आजीने नातवाला काय सांगितले, याची गणना होणार नाही आणि ती होत नाही म्हणून ते कमी मोलाचे ठरत नाही.

अवधान आणि व्यवधान यांच्याच ‘धा’ धातूपासून आणखी एक शब्द झाला आहे: समाधान. नीट, एकत्र ठेवणे हा त्याचा मूळ अर्थ. संस्कृतात तो चित्ताच्या एकाग्रतेला लावला जातो. मराठीत त्याला तृप्तीचा अर्थ आला. एकाग्रतेसाठीचा शब्द मराठी भाषिकांनी तृप्तीसाठी वापरावा, यात या सर्व विचाराचे सार आहे. मन जेथे पुरते ठेवले जाते तेथे ते तृप्तही होते, असा भाषेचा अनुभव आहे. पडद्यावरचा वेळ कमी करण्याने हाती येते ते केवळ अधिक काम नव्हे. संध्याकाळचा भोंगा दुसऱ्यांदा वाजतो तेव्हा हातातले पुस्तक खाली ठेवावेसे वाटू नये, ही त्या उपायाची खरी कसोटी होय.